मनोहरभाऊंचे कान

मनोहरभाऊ रंगारींशी बोलायला बसलं की आपलं वाक्य कधी पुरं व्हायचं नाही. तुम्ही घरातलं दुखणं सांगत असा की मुलीचं लग्न, मध्येच त्यांचं एक बोट वर जायचं, डोळे बारीक व्हायचे आणि ते म्हणायचे, "थांब. पंखा बोलून राहिला." मग उठून पंख्याखाली उभे. पंखा कुणाचा, घर कुणाचं, याचा काही विचार नाही. एकदा आमच्या शेजारी मयत झाली होती. सांत्वनाला आलेल्या या गृहस्थांनी स्वयंपाकघरात शिरून फ्रिजच्या पायाखाली पुठ्ठ्याची घडी घातली, कारण तो थरथरत होता. त्यांना घेऊन मी गेले होते, त्यामुळे लाज मलाच वाटायची होती.

पहिल्या भेटीतच या माणसानं माझ्या बांगड्या काढायला लावल्या. लग्न होऊन मी नुकतीच नागपुरात सक्करदऱ्याला आले होते. माहेरी गाणं होतं, म्हणून कुणीतरी मला बर्डीवरच्या एका तळघरात भीमगीतांच्या कॅसेटसाठी कोरस गायला नेलं. मनोहरभाऊ तिथले रेकॉर्डिंगवाले. काचेपलीकडून त्यांचा आवाज आला, "ते हिरव्या साडीवाल्या बाई, बांगड्या काढा. गाण्यापेक्षा तुमच्या बांगड्याच सुरात आहेत." सगळा कोरस हसला. नव्या नवरीला असं बोलणारा हा कोण, म्हणून मी फणकाऱ्यानं निघणारच होते. तेवढ्यात त्यांनी मुख्य गायकाकडे मोर्चा वळवला. "तोंडात खर्रा ठेवून त्याग गाता काय गा? थुंका अगोदर." मोठा नावाजलेला गायक तो, पण मुकाट्यानं बाहेर जाऊन थुंकून आला. मग मीही बांगड्या काढल्या.

कौतुक नावाची वस्तू त्यांच्याकडे नव्हतीच. गाणं संपलं की आम्ही आशेनं काचेकडे पाहायचो आणि पलीकडून यायचं, "एक डाव अजून." का, ते सांगायचं नाही. पुन्हा गायलं की पुन्हा तेच. एकदा वैतागून मी म्हटलं, "भाऊ, छान झालं होतं ना?" तर म्हणाले, "छान चहाले म्हणतात वं. गाण्याले नुसतं झालं म्हणतात, अन् ते अजून झालं नाई." त्यांच्यामुळे मी शिकवत होते त्या शाळेत किती वेळा उशिरा पोचले आणि मुख्याध्यापिकेची बोलणी खाल्ली, ते मलाच ठाऊक. तरी नागपुरात दुसरीकडे गायला जावंसं कुणालाच वाटत नसे, कारण कॅसेट वाजली की आपण आहोत त्यापेक्षा बऱ्या गायिका आहोत असं वाटायचं.

ते वादक झाले तेही अशाच एका कटकटीतून. कॅसेटच्या वेष्टनावर नाव आधी कुणाचं, यावरून ढोलकीवाला आणि गायक यांचं वाजलं. ढोलकीवाला तरातरा निघून गेला. आम्ही सगळे कपाळाला हात लावून बसलो. मनोहरभाऊंनी टेप चालू केली, काचेमागून धावत आले, कोपऱ्यातली ढोलकी मांडीवर घेतली आणि वाजवू लागले. अशी वाजवली की गायक पहिली ओळ घ्यायचीच विसरला. "शिकलात कुणाकडे?" मी विचारलं. "शिकाले काय लागते? इतके वर्षं लोकाइच्या चुका ऐकून राहिलो. त्या केल्या नाई म्हणजे वाजते." हे असं बोलणं ऐकून ज्यांनी खरोखर गुरूकडे वर्षं घालवली, त्यांना काय वाटत असेल?

तिथून मग त्यांना धरबंध राहिला नाही. ढोलकी झाली, बेंजो झाला, कीबोर्ड झाला. बटण दाबायचं, धावत येऊन वाजवायचं, धावत जाऊन बंद करायचं. चपलांचा आवाज टेपवर येतो म्हणून अनवाणी धावायचे. उन्हाळ्याच्या दिवसांत घामाच्या ओल्या पावलांवरून घसरून पडले, तरी पडल्या पडल्या ओरडले, "कोणी बोलू नका, टेप चालू आहे!" आम्ही त्यांना उचलायचं की गायचं, हेच कळेना.

कॅसेटी गेल्या, तळघरात मोबाइलचं दुकान आलं, आणि मनोहरभाऊ प्रोड्यूसर झाले. प्रोड्यूसर म्हणजे काय, तर "शेवटी सगळ्याइच्या शिव्या जो खाते तो." शहराबाहेर वाडीला त्यांच्या मेव्हण्याचं गोदाम होतं, त्याच्या वरची खोली त्यांनी घेतली. अमरावती रोड, खाली ट्रान्सपोर्ट, चोवीस तास ट्रकांची वर्दळ. जगात रेकॉर्डिंगसाठी याहून नालायक जागा सापडली नसती. मी म्हटलं, "भाऊ, इथं शांतता कुठे आहे?" म्हणाले, "आहे ना. दोन ट्रकाइच्या मधात." आणि खरंच, त्या माणसानं आम्हाला दोन ट्रकांच्या मधात गायला लावलं. भिंतींना जुन्या गाद्या ठोकलेल्या, पंखा बंद, मे महिना, आणि कडव्याच्या ऐन भरात खालून हॉर्न. पुन्हा पहिल्यापासून. ट्रकवाल्यांना माझं गाणं पाठ झालं असेल.

ज्या गाण्यावरून आमचं बिनसलं, ते मी माझ्या आईवर लिहिलं होतं. छप्पन साली ती लहान होती. वडिलांच्या खांद्यावर बसून ती दीक्षेला गेली. तिला त्यातलं आठवतं ते एवढंच, की जिकडे पाहावं तिकडे पांढरी वस्त्रं. 'शहर सारं शुभ्र झालं' अशी ओळ मी केली. आई आता थकली आहे. या दसऱ्याला दीक्षाभूमीवर, जिथे पुस्तकांचे आणि गाण्यांचे स्टॉल लागतात, तिथे आपल्यावरचं गाणं वाजताना ऐकायचं, हा तिचा एकच हट्ट होता. मी गायले. मनोहरभाऊंनी सगळी वाद्यं स्वतः वाजवली, आवाजांची जुळणी केली आणि आम्हा सगळ्यांच्या मोबाइलवर गाणं पाठवलं.

ऐकलं आणि कानात टाचण्या टोचल्या. प्रत्येक 'श' आणि 'स' जणू शिट्टी. माझे यजमान म्हणाले, "तू गाऊन राहिली का कुकर लावला?" आता कुणालाही वाटेल की आम्ही लगेच मनोहरभाऊंना फोन केला असेल. छे! कोरसमधल्या गुणवंतनं स्वतःचा मोबाइल खराब झाला असं ठरवून नवे इअरफोन आणले. दुसऱ्या एकीनं घरातला स्पीकर दुरुस्तीला टाकला. मी तर रामदासपेठेत कानाच्या डॉक्टरकडे गेले! त्या बाईंनी तासभर तपासून सांगितलं, कान उत्तम आहेत, विनाकारण का आलात? ज्या माणसाला परक्या घरातला फ्रिज ऐकू यायचा, त्याची चूक असेल हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. उत्तम कान घेऊन मी बाहेर पडले तेव्हा ते डोक्यात आलं. त्या कानांवाचून या माणसाजवळ दुसरं होतंच काय?

दुसऱ्या दिवशी दुपारी मी वाडीला गेले. काय बोलायचं ते ऑटोत घोकत होते. भाऊ कॉम्प्युटरपुढे बसून माझंच गाणं पुन्हा घासूनपुसून काढत होते. मी मागे बसले. थोड्या वेळानं टेबलाखालचा यूपीएस टीं टीं करू लागला. वीज गेली होती. दिवा इन्व्हर्टरवर, पंखा नेहमीप्रमाणे बंद, त्यामुळे वीज गेल्याचं सांगणारा खोलीत तेवढाच एक आवाज. मला वाटलं, आता बोट वर जाईल. बोट गेलं नाही. टीं टीं चालूच. भाऊ आपले मान डोलवत काम करताहेत. मी "भाऊ" म्हणेपर्यंत कॉम्प्युटर बंद पडला आणि सकाळपासूनचं काम गेलं.

"गेली वाटते लाइन," ते चिडून म्हणाले. "न सांगता जाते साली."

"सांगून गेली भाऊ. केव्हाची ओरडून राहिली होती."

"कोण?"

मी टेबलाखाली बोट दाखवलं. यूपीएस आता गप्प होता. घोकलेलं सगळं विसरून मी सरळ बोलून टाकलं, "भाऊ, तुमाले बारीक, शिट्टीवानी आवाज ऐकू येत नाई आता. म्हणून तुम्ही ते वाढवून ठेवता अन् आमचे कान फाटतात."

त्यांचा चेहरा मी कधी विसरणार नाही. "मले? मले सांगून राहिली तू? बांगड्या घालून गायाले आली होती, तुले उभं राहाले शिकवलं मी! पयले आपले कान तपासून घे!"

"घेतले," मी म्हटलं. "माझे बरोबर आहेत."

त्यांनी दाराकडे हात केला. "निघ."

मी निघाले. अमरावती रोडच्या धुळीत ऑटोची वाट पाहत मी त्यांना मनातल्या मनात इतक्या शिव्या दिल्या, की एका शाळामास्तरणीला शोभू नये. राग त्यांचा होता, आणि त्यांच्यासाठी आपल्याला वाईट वाटतंय याचाही तेवढाच होता. घरी आई रोज विचारायची, "काहून वं, झालं का गाणं?" मी तिला काय सांगणार? दसरा जवळ येत चालला होता.

मग एक दिवस फोन. ना नमस्कार, ना जयभीम. "ये वाडीले. गळा घरी ठेव, कान घेऊन ये."

गेले तर दोन खुर्च्या समोरासमोर मांडलेल्या. म्हणाले, "आवाज लावतो. हळूहळू बारीक होत जाईन. ऐकू येते तोवर हात वर ठेवायचा. दोघाइनं." डॉक्टरकडे जायला काय हरकत होती? पण नाही, आपला कान आपल्याच यंत्रावर तपासणार. आवाज सुरू झाला. आम्ही दोघं शाळेतल्या पोरांसारखे हात वर करून बसलो. आवाज चढत गेला, बारीक होत गेला. थोड्याच वेळात त्यांचा हात खाली आला. ते माझ्या हाताकडे पाहू लागले.

मला वाटलं, आपणही घ्यावा खाली. कुणाला कळणार होतं? पण या माणसानं आयुष्यात मला एक सूर फुकट दिला नव्हता, आणि त्यांना खोटं सांगायचं माझ्यानं होईना. मी हात वर ठेवला. आवाज पुष्कळ वेळ चालला. त्यांच्यासाठी खोलीत नुसती शांतता होती आणि त्या शांततेत समोर माझा हात. शेवटी मलाही ऐकू येईनासं झालं, मी हात खाली घेतला. ते म्हणाले, "दुखून राहिला असन खांदा." आणि यंत्र बंद केलं.

मग गाणं उघडलं, आणि तिथे मात्र पुन्हा आमचं भांडण. मी म्हणायचे कमी करा, ते कमी करायचे आणि कपाळाला आठ्या घालायचे. "आता त गोधडीखाली गेलं गाणं!" "नाही गेलं भाऊ." "शब्द ऐकू येऊन नाई राहिले." "येऊन राहिले." "टोचते का अजून?" "थोडं." "तुले काई समजत नाई," असं म्हणत ते आणखी कमी करायचे. संध्याकाळ होईतो त्यांनी स्वतःला न पटलेलं गाणं माझ्या शब्दावर पुरं केलं आणि स्टॉलवाल्यांकडे पाठवून दिलं. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही. माझ्या गाण्याची इतकी भीती मला गाताना कधी वाटली नव्हती.

दसऱ्याला गाणं वाजलं. आई स्टॉलपुढे खुर्चीवर बसून दोनदा ऐकून म्हणाली, "असंच होतं वं. पांढरंच पांढरं." भाऊ आले नव्हते. पुढच्या महिन्यात त्यांनी वाडीची खोली सोडली, सामान विकलं आणि कन्हानला लेकीकडे राहायला गेले. कुणाला सांगितलंही नाही. निरोप घ्यायची रीत त्यांना यायची नाही, हे धरूनच चालायचं.

मागे मी कन्हानला गेले, तर अंगणात बाजेवर बसले होते, कानात इअरफोन. काय ऐकताय विचारलं. "तुझंच." मी म्हटलं, दाखवा. एक इअरफोन त्यांनी मला दिला. ऐकलं तर आमचं नव्हे, ते पहिलं, टोचणारं.

"भाऊ! हे काहून ठेवलं अजून?"

"ते दुसरं लोकाइचं आहे," ते म्हणाले. "त्यात तू मले लांब उभी दिसते. यात तुझा शब्द न शब्द समजते."

डोळे मिटून ते ऐकत राहिले. ओठ माझ्या ओळींबरोबर हलत होते. माझ्या कानात एकेक 'श' सुईसारखा जात होता, तरी मी इअरफोन काढला नाही. गाणं संपेपर्यंत बाजेवर त्यांच्या शेजारी बसून राहिले.