तज्ज्ञांच्या घरचा गुंड्या

सगळी गल्ली त्यांना 'तज्ज्ञ' म्हणायची. आधी चेष्टेनं म्हणायची, पण त्यांनी ते इतकं मनापासून मान्य केलं की चेष्टा करणाऱ्यांचाच उत्साह मावळला आणि नाव तेवढं उरलं. रविवारच्या पुरवणीत त्यांचं 'घराला वळण' नावाचं सदर वर्षानुवर्षं येत होतं. मूल जेवत नाही, मूल खोटं बोलतं, मूल अंथरूण ओलं करतं. तज्ज्ञांकडे उपाय नाही असं मूल अजून जन्माला यायचं होतं.

त्यांना स्वतःला एकच मुलगी. ती लहानाची मोठी होत होती तेव्हा तज्ज्ञ आतल्या खोलीत दार लावून, मुलं कशी वाढवावीत हे लिहीत होते. बायको शाळेत रसायनशास्त्र शिकवायची, घरी येऊन मुलीला वाढवायची आणि लेख छापून आला की त्यातल्या शुद्धलेखनाच्या चुका काढायची. बाकीच्या चुका काढायला बसली असती तर तिला रविवार पुरला नसता.

मुलीला परगावी नोकरी लागली. निघताना तिनं पोट गोल, कान मोठे आणि अक्कल बेताची असं एक कुत्र्याचं तपकिरी पिल्लू आणून बापाच्या मांडीवर ठेवलं.

"बाबा, मी गेल्यावर तुम्हाला वळण लावायला कुणीतरी हवंच ना!"

पिल्लानं लगेच मांडी ओली केली. मुलगी हसत हसत रिक्षात बसली. पिल्लाचं नाव गुंड्या पडलं.

बायको शाळेत गेली की घरात तज्ज्ञ आणि गुंड्या दोघंच. तज्ज्ञांनी कोपऱ्यात वर्तमानपत्र पसरलं, गुंड्याला त्यावर उभं केलं आणि शू कुठं करायची हे नीट समजावून सांगितलं. गुंड्यानं मान तिरकी करून सगळं ऐकून घेतलं, वर्तमानपत्राच्या चिंध्या केल्या आणि चार पावलं चालून गालिच्यावर कार्यभाग उरकला. मग तज्ज्ञ त्याला अंगणात नेऊ लागले. तिथं गुंड्या मुंग्या बघायचा, स्वतःच्या शेपटीमागे गरगरायचा, आणि बाहेर आपण कशासाठी आलो होतो हे त्याला घराचा उंबरठा ओलांडल्यावर आठवायचं.

"नाही!" तज्ज्ञ खणखणीत आवाजात ओरडायचे. गुंड्याला तो शब्द फार आवडला. ऐकला की तो शेपूट हलवत यायचा.

अशात संपादकाचा फोन आला. तो वयानं लहान होता, सर म्हणायचा आणि ऐकायचा मात्र नाही. "सर, तुम्ही कुत्रं पाळलंय म्हणे. त्याच्यावरच होऊन जाऊ दे. लोक हल्ली मुलांपेक्षा कुत्र्यांचं जास्त वाचतात."

तज्ज्ञांनी पाय खुर्चीवर वर घेतले, कारण खाली ओलं होतं, आणि 'आठवड्यात पिल्लू शहाणं' हा लेख एका बैठकीत लिहून काढला. चूक झाली की पिल्लाला त्याच जागी न्या, नाक लादीजवळ धरा, आवाज चढवून 'नाही' म्हणा. आमचा गुंड्या असाच शिकला.

बायकोनं लेख वाचून कागद परत दिला. "शुद्धलेखन बरोबर आहे."

"आणि बाकी?"

"बाकी मी तपासत नाही."

लेख तुफान गाजला. गल्लीत लोक गुंड्याकडे आदरानं बघू लागले. गुंड्या त्या आदराला घराबाहेर कधी तडा जाऊ द्यायचा नाही; त्याचं सगळं घरातच असायचं.

मग एका संध्याकाळी दारात एक तरुण बाई उभी राहिली. ती दातांची डॉक्टर होती आणि तिच्या हातातल्या टोपलीत एक पांढरं पिल्लू अंग चोरून बसलं होतं.

"सर, तुमचा लेख मी फ्रिजवर चिकटवलाय. एकूण एक गोष्ट केली. पण हा कापूस आता कपाटामागेच जाऊन बसतो, तिथंच सगळं करतो. सासूबाई म्हणतात, जमत नसेल तर परत देऊन टाक. माझं नक्की कुठं चुकतंय?"

"आवाज," तज्ज्ञ म्हणाले. "आवाजात अधिकार हवा. असं बघा: नाही!"

कापूस टोपलीच्या तळाशी चपटा झाला आणि त्याच्याखाली ओल पसरली. त्याच वेळी आवडता शब्द ऐकून गुंड्या आतून धावत आला, पाहुणीच्या पायाशी गालिच्यावर निवांत बसला आणि मोकळा झाला. डॉक्टरीणबाईंची नजर गालिच्यावर फिरली. त्यावर डागांचे नुसते नकाशे उमटले होते.

"हा... आज पहिल्यांदाच?"

बायको बादली आणि फडकं घेऊन येतच होती. "आजचं विचारताय, का या तासाभरातलं?"

तज्ज्ञांच्या जिभेवर 'अपवाद', 'संक्रमणाचा काळ' असे जाडजूड शब्द तयार होते. पण टोपलीतलं पिल्लू त्यांच्याकडे बघत थरथरत होतं. लेख घराघरांत जायचे, तिथं त्यांचं काय व्हायचं ते सांगायला कधी कुणी परत आलं नव्हतं. आज आलं होतं.

"मी खोटं लिहिलं," ते म्हणाले. "याला काहीच येत नाही. मलाही नाही."

तिला हसू येईल असं त्यांना उगाच वाटलं होतं. तिचे डोळे भरले. "मी याचं नाक लादीवर दाबलं, सर. तुम्ही लिहिलंत म्हणून. पुन्हा पुन्हा."

बायकोनं तिला बसवलं. "माझ्या मुलीच्या वेळी मी एवढंच केलं. झोपून उठली की न्यायचं, खाऊन झालं की न्यायचं, जमलं की कौतुक करायचं आणि चुकलं की गुपचूप पुसायचं. याचा लेख होत नाही."

दुसऱ्या दिवसापासून तज्ज्ञांनी फडकं हातात घेतलं. गुडघे टेकून पुसताना सोफ्याखाली किती धूळ असते हा शोध त्यांना लागला, आणि तो बायकोला सांगू नये एवढी समजही आली. संपादकाला त्यांनी खुलासा पाठवला. तो शब्दकोड्याच्या खाली छापून आला, तोही 'मुद्रणदोषामुळे काही तपशील चुकला' असा. जणू मुद्रण करणाऱ्यानंच गालिचा ओला केला होता!

तेव्हा तज्ज्ञ स्वतःच डॉक्टरीणबाईंच्या घरी गेले. दार सासूबाईंनी उघडलं.

"बाई, त्या पिल्लाची चूक नाही, सूनबाईंचीही नाही. लेख चुकीचा होता. पिल्लू परत देऊ नका."

म्हातारीनं त्यांना नीट न्याहाळलं. "म्हणजे घराला वळण लावणारे ते तुम्हीच?"

"हो," तज्ज्ञ म्हणाले. सवयीनं त्यांची मान किंचित ताठ झाली.

"माझा मुलगा लहानपणी अंथरूण ओलं करायचा. तुम्ही लिहिलं होतंत, चादर चारचौघांत वाळत घाला, मूल लाजेनं सुधारतं. मी घातली. आल्यागेल्याला दाखवली. तो सुधारला. पण आजही माझ्याशी कामापुरतंच बोलतो."

ताठ झालेली मान खाली आली. "माझं चुकलं," एवढंच ते कसंबसं म्हणाले.

"चादर माझ्या हातानंच घातली ना मी," म्हातारी म्हणाली. कपाटामागून कापसाचं नाक डोकावत होतं. ती कुरकुरत खाली बसली आणि तिनं हात पुढे केला. "राहू दे हे. याला तरी नीट वाढवू."

कापूस लगेच काही आला नाही. ती बसून राहिली.

सदर तज्ज्ञांनी बंद केलं. संपादकानं ते एका अविवाहित तरुणाकडे सोपवलं, आणि तो म्हणे फारच छान लिहितो. तरी पुस्तक काढण्यासाठी संपादक तज्ज्ञांच्या मागे लागलेलाच होता. एका सकाळी तो फोनवर गळ घालत असताना गुंड्या दारापाशी गेला, पंजानं दार खरवडलं आणि वळून कुईं केलं. हे त्यानं आजवर कधीच केलं नव्हतं. तज्ज्ञ फोन कानाला तसाच धरून, एका पायात चप्पल घालून धावले.

कोपऱ्यावरच्या झाडाखाली गुंड्या बसला.

"शाब्बास रे माझ्या वाघा! केलीस! बाहेर केलीस!"

शाळेला निघालेली बायको फाटकात थबकली. फोनमधून संपादक विचारत होता, "काय केलं, सर? होकार समजू का?"

"नंतर बोलतो," तज्ज्ञ म्हणाले, "अजून चाललंय त्याचं."