तुटेल ती जागा

माझ्या डोक्यात राख फार लवकर जाते. अंबडच्या औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या गाळ्यात कोणी नवीन कामाला आलं की चहाच्या आधी त्याला हे सांगितलं जातं. मॅडमनाही सांगितलं असणार. त्यांच्यावर त्याचा काही परिणाम झालेला मला तरी दिसला नाही.

सगळं आयुष्य मी लोखंडात काढलं. तुकडा हातात घेतला की तो किती सोसेल हे मला कळतं, असं मी सांगत फिरायचो. मग गाळ्यात प्लास्टिकच्या वस्तू छापणारी मशिनं आली. प्लास्टिकची बारीक तार वितळवून ती थरावर थर चढवतात आणि वस्तू तयार होते. मॅडम आल्या त्या मशिनांबरोबर. वस्तू छापायच्या आधीच कॉम्प्युटरवर तिच्यावर भार टाकायचा आणि ती किती सोसेल, कुठे तुटेल ते सांगायचं, हे त्यांचं काम. मी त्यांना 'काय म्हणतंय आज पंचांग?' असं विचारायचो. त्या हसायच्या आणि पुन्हा स्क्रीनकडे वळायच्या.

एक दिवस हरसूलकडच्या एका शाळेत शिकवणाऱ्या बाई आल्या. लहानपणी पोलिओ झालेला, एका पायात जोर नाही. कोपराजवळ कडं असलेली कुबडी घेऊन चालायच्या. ते कडं तडकलं होतं आणि तसं दुसरं कुठे मिळत नव्हतं, म्हणून त्यांनी त्यावर साडीचा काठ गुंडाळला होता. जीप डांबरी रस्त्यावर सोडते, तिथून शाळेपर्यंत चांगलाच उतार. त्यावर दोनदा पडल्या होत्या.

"आता शाळेतल्या पोरी हात धरून नेतात," त्या म्हणाल्या. "लय मायेनं नेतात. पण मला कोणी धरून नेलेलं नाय आवडत, सर."

मी तिथल्या तिथे शब्द देऊन टाकला. सोमवारी या, नवीन कडं घेऊन जा.

कडं मी मशीनवर उभं छापायला लावलं. उभं छापलं की कड गुळगुळीत येते, आणि वस्तू देखणी हवी हा माझा जुना सोस. मॅडमच्या कॉम्प्युटरने सांगितलं, नव्वद किलोपर्यंत तुटणार नाही. बाई सगळ्या मिळून पन्नास किलोच्या असतील. मी खूश झालो.

सोमवारी बाई वेळेवर आल्या. मी कडं कुबडीला बसवायला घेतलं, तर मॅडमनी ते माझ्या हातातून काढून घेतलं.

"सर, हे आधी मोडून बघू."

"नव्वद म्हणालात ना तुम्ही?"

"म्हणूनच बघू."

त्यांनी कडं टेबलावरच्या शिकंज्यात आवळून पकडलं, त्याला बादली अडकवली आणि तिच्यात लोखंडाचे तुकडे एकेक करून टाकायला लागल्या. मी घड्याळाकडे बघत होतो. बादली अर्धीही भरली नव्हती आणि कडं कट्‌कन तुटलं. बादली फरशीवर आदळली. वजन केलं तर जेमतेम चाळीस किलो भरलं. बाई बाकावर बसून सगळं बघत होत्या. त्यांनी तडकलेल्या जुन्या कड्यावर आपसूक हात ठेवला.

मी कॉम्प्युटरचा उद्धार केला, मॅडमच्या डिग्रीचाही केला. ते आठवलं की आजही मला स्वतःची लाज वाटते. मॅडम मात्र तुटलेले दोन तुकडे उजेडात धरून बघत होत्या.

"कॉम्प्युटरला आपण जे सांगितलं, त्याचं त्याने बरोबर उत्तर दिलं," त्या म्हणाल्या. "आपण त्याला काहीतरी चुकीचं सांगितलंय. काय, ते मला अजून कळलेलं नाही." मग बाईंकडे वळून म्हणाल्या, "चूक आमची आहे, बाई. आज देता येणार नाही. कधी देऊ तेही आज सांगत नाही. कळलं की फोन करते."

इतक्या वर्षांच्या धंद्यात 'मला कळलेलं नाही' हे गिऱ्हाइकासमोर मी एकदाही म्हटलं नव्हतं. बाईंनी काठ पुन्हा आवळून बांधला आणि त्या स्टँडकडे निघाल्या.

दुसऱ्या दिवशी मॅडम मशीनपुढे स्टूल टाकून बसल्या, हातात मोबाइल, त्यावर सेकंद चाललेले. दुपारी मला हाक मारली.

"सर, तुमच्याकडे कुरडया घरी करतात ना? खालचा वेढा सुकला तर वरचा त्याला चिकटतो का?"

"नाही. सुटून येतो."

"मग झालं. आपलं तेच झालंय."

प्लास्टिक किती मजबूत हे कॉम्प्युटरला कळावं म्हणून आम्ही लहान पट्ट्या छापायचो, त्या ओढून तोडायचो आणि ते आकडे त्याला द्यायचो. पट्टी इवलीशी, तिचा एकेक थर काही सेकंदांत पुरा व्हायचा. खालचा गरम असतानाच वरचा पडायचा आणि दोन्ही घट्ट धरायचे. कड्याच्या एका थराला मिनिटाच्या वर लागत होतं. तेवढ्यात खालचा थर गार. पट्टीची ताकद आम्ही कड्याच्या नावावर लावली होती.

मॅडमनी पट्ट्या नव्याने छापल्या. शेजारी एक निरुपयोगी ठोकळा छापत ठेवला, म्हणजे पट्टीच्या थरांनाही गार व्हायला तेवढाच वेळ मिळेल. नवे आकडे दिल्यावर कॉम्प्युटरने जुन्या कड्याचं उत्तर चाळिसाच्या आसपास दिलं. मग त्यांनी कडं आडवं केलं, म्हणजे तारा त्याच्या वळणाबरोबर फिरतील, आणि आतल्या वळणाशी जाडी वाढवली. देखणेपण गेलं.

ते नवं कडंही त्यांनी मोडायला घेतलं. आधी आतल्या वळणावर लाल मार्करने एक रेघ ओढली आणि कागदावर आकडा लिहून, घडी करून तो माझ्या शर्टाच्या खिशात घातला. या वेळी एक बादली पुरली नाही, दोन लागल्या. कडं तुटलं ते बरोबर लाल रेघेवर. वजन एकशे सोळा. कागदावर एकशे वीस होतं. मी तो कागद घडी करून परत खिशात ठेवला. माझ्या सगळ्या आयुष्यात मला असं एकदाही सांगता आलं नव्हतं.

फोन गेला, बाई आल्या. त्यांच्यासाठी तसंच दुसरं कडं छापलं होतं, त्यावरही मॅडमनी तशीच लाल रेघ ओढली होती.

"तुटलंच तर इथे तुटेल. एकदम पडलेला भार मला सांगता येतो, पण रोजच्या चढउतारानं किती झिजेल ते अजून नीट येत नाही. म्हणून रोज इथे बघायचं. पांढरट दिसलं की वापर बंद, मला फोन."

बाईंनी रेघेवरून बोट फिरवलं. "आजपर्यंत ज्याने त्याने सांभाळून जा एवढंच सांगितलं," त्या म्हणाल्या. "कुठं सांभाळायचं ते तुम्हीच सांगितलं."

त्यांनी कड्यात हात घातला, साडीचा काठ घडी करून पिशवीत ठेवला आणि दाराशी आल्या. आमच्या गाळ्याला तीन पायऱ्या आहेत, तिसरी जरा उंच. माझा हात सवयीने पुढे झाला होता. तो मी मागे घेतला आणि खिशात घातला.