भाजीकाकूंचं निमित्त

भाजीकाकू एकच खोटं बोलायच्या, पण ते दर रविवारी बोलायच्या, आणि फाटकात उभं राहून साऱ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात बोलायच्या. "काय करू बा, पोट्टे काही ऐकून नाही राहिले. तलावावर चला, तलावावर चला, जीव खाल्ला माझा. येतो यांना फिरवून." हे आत बसलेल्या त्यांच्या सासूबाईंसाठी असायचं. आम्ही सहा-सात पोरं मागे तोंडं वाकडी करून उभी असायचो, कारण आमच्यापैकी कुणीही कुठेही चला म्हटलेलं नसायचं. पंधरा मिनिटांपूर्वी काकूच घरोघरी जाऊन आम्हाला टीव्हीपुढून उठवून आणायच्या. रविवारी सकाळी टीव्हीवर मुलांचे कार्यक्रम लागायचे, आणि काकूही नेमक्या त्याच वेळी उगवायच्या.

हे रायपूर राजधानी होण्याच्या आधीचं. चौबे कॉलनीत आमच्या गल्लीत मराठी घरं बरीच होती. बहुतेकांचे वडील रेल्वेत नाहीतर सरकारी कचेरीत, आणि बहुतेकांचं मूळ नागपूर-भंडाऱ्याकडचं. काकू भंडाऱ्याकडच्या एका तलावाच्या गावातून लग्न होऊन इथे आल्या होत्या. काका कचेरीत हेडक्लार्क. मूलबाळ नव्हतं. घरात तिसरी काकांची आई, तिला आम्ही सगळे मोठी आजी म्हणायचो. मोठी आजी दुष्ट नव्हती, हे आधीच सांगते. आम्हाला ती मुरमुऱ्याचे लाडू द्यायची. फक्त घरची सून कामाशिवाय फाटकाबाहेर दिसलेली तिला चालत नसे. गोल बाजारला जायचं तरी काका सोबत लागत.

भाजीकाकू हे नाव आम्हीच ठेवलं होतं. तलावावरून परतताना त्यांच्या टोपलीत फुकटची पालेभाजी असायची. पावसाळ्यात तरोटा, एरवी पाण्याकाठचा करमत्ता. घाटावर कपडे धुणाऱ्या बाया तरोट्याला चरोटा म्हणत, आणि काकू दर वेळी त्यांच्याशी वाद घालत आणि दर वेळी हसून हार मानत. "हव दाई, चरोटा तं चरोटा." मोठ्या आजीला ही भाजी फार आवडायची, त्यामुळे टोपली भरून आली की घरात सगळं सुरळीत असायचं.

मुलांना सांभाळून नेणारी बाई म्हणून काकूंना पाहिलं तर त्या अगदीच बेभरवशाच्या होत्या. फाटक सुटलं की त्यांची चाल बदलायची. पदर खोचून त्या अशा झपझप निघायच्या की आम्हाला मागून पळावं लागे. मोजणं नाही, वळून पाहणं नाही. एकदा आमच्यातला बबलू चौकात माकडवाल्यापाशी थांबला तो थांबलाच, आणि काकूंना हे परत येताना कळलं. तो तिथेच फतकल मारून बसला होता. "अरे, तू आला नव्हता का?" एवढंच त्या म्हणाल्या. त्याच्या आईला कुणी काही सांगितलं नाही, बबलूनंसुद्धा नाही.

तलावावर पोचलं की हुकूम सुटायचा, "आपापली जागा धरा, अन् तोंडाले कुलूप." प्रत्येकाची जागा ठरलेली होती. माझी पाळीवरच्या, म्हणजे तलावाच्या बांधावरच्या, अर्जुनाच्या झाडाखाली, एका उघड्या मुळावर. बबलूची घाटाच्या तुटक्या पायरीवर. एकमेकांजवळ बसायचं नाही, बोलायचं नाही, काकू हाक मारेपर्यंत उठायचं नाही. पहिले काही रविवार हा छळ होता. मुंग्या चावायच्या, पाय आखडायचे, टीव्ही आठवायचा. मग कधी तरी ते थांबलं. पाण्यावर चालणारे किडे दिसायला लागले, काठावरची ढोकरी बगळी चोचीत मासा कसा उचलते ते दिसायला लागलं, आणि काकूंची हाक आली की इतक्यात काय, असं वाटायला लागलं. काकू स्वतः खालच्या पायरीवर पाण्यात पाय सोडून बसायच्या. एकदा त्यांच्या पोटरीला जळू लागली होती आणि बबलू ओरडत होता, "काकी, जोंक! काकी, जोंक!" काकूंनी कमरेची मिठाची पुडी काढली, जळूवर चिमूट टाकली आणि त्याला म्हणाल्या, "तुले लागली का? मंग बस चूप."

सातवीत असताना मी एकदा घरून मार खाऊन आले होते. कारण आता आठवत नाही, माझ्या तोंडाळपणाचंच असणार. मुळावर बसून मी हुंदके देत होते. काकू उठून आल्या. त्यांनी डोक्यावरून हात फिरवला नाही, काय झालं म्हणून विचारलंही नाही. म्हणाल्या, "डोकं भणभणलं का इथं याचं, मीनू. पाणी काही विचारत नाही." आणि परत आपल्या पायरीवर जाऊन बसल्या. मला तेव्हा त्यांचा रागच आला होता. कुणीतरी विचारावं म्हणूनच तर मी रडत होते.

आता ते सांगते, जे सांगायला मी इतकी वर्षं घेतली. मी नववीत होते. सोमवारी ट्यूशनची परीक्षा होती आणि काकूंनी मला पुस्तकापुढून उठवून आणलं होतं. पोरंही आता तीनच उरली होती, बाकीची मोठी होऊन गळाली होती. फाटकात त्यांचं नेहमीचं सुरू झालं, पोट्टे मागे लागले, जीव खाल्ला. मोठी आजी व्हरांड्यात तांदूळ निवडत होती. आणि मी खणखणीत आवाजात म्हटलं, "आम्ही कुठे मागे लागतो, काकू? तुम्हीच बोलावता दर रविवारी. आम्हाला नाही यायचं."

मोठ्या आजीचा हात सुपात थांबला. काकूंनी माझ्याकडे पाहिलं. चेहऱ्यावर राग नव्हता, राग असता तर मला बरं वाटलं असतं. त्या थोडंसं हसल्या, म्हणाल्या, "हो, खरं हाये," आणि टोपली घेऊन आत गेल्या. मी घरी येऊन अभ्यास केला. परीक्षेत पहिली आले.

पुढच्या रविवारी त्या बोलवायला आल्या नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. मला सुटल्यासारखं वाटलं. मी बारावी करून पुण्याला गेले, शिकले, नोकरीला लागले. आईच्या फोनमध्ये काकूंचा उल्लेख यायचा, तो दर वेळी जरा अधिक वाईट असायचा. काकू हळदीकुंकवाला आल्या नाहीत. काकू जेवत नाहीत नीट. काकूंना डोक्याच्या डॉक्टरकडे दाखवलं. मोठी आजी गेली तेव्हा वाटलं होतं बाई मोकळी होईल, पण काकू तर खोलीतूनही बाहेर येत नाहीत. मी "अरे रे" म्हणायचे आणि दुसऱ्या विषयावर जायचे.

मग माझी पाळी आली. पुण्यात, चांगली नोकरी, चांगला फ्लॅट, आणि सकाळी अंथरुणातून पाय खाली ठेवता येईना. आंघोळ करायची म्हटलं तरी रडू यायचं. डॉक्टरबाईंनी गोळ्या दिल्या, त्या मी घेतल्या आणि त्यांचा उपयोग झाला. पण एक दिवस त्यांनी विचारलं की जिवाला शांत वाटलंय अशी एखादी जागा आठवते का, आणि मी विचार न करता म्हणून गेले, झाडाचं मूळ. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी मला कालव्याच्या कडेला जाऊन बसायला लावलं. पहिल्या दिवशी मी अर्धा तास बसले. डॉक्टरबाईंना आश्चर्य वाटलं. म्हणाल्या, लोकांना दोन मिनिटं बसवत नाही, तुम्हाला कुणी शिकवलं? मला तोवर वाटत होतं की नुसतं बसणं सगळ्यांनाच येतं.

मी त्यांना भाजीकाकूंबद्दल सांगितलं, मजा मजा करत, फाटकातल्या खोट्यासकट. त्या हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "पण मुलांना नको होतं, तर त्या तुम्हाला न्यायच्या कशाला?" फाटकाबाहेर त्या आमच्याकडे वळून का पाहत नसत, हे मला पुण्यातल्या त्या खोलीत, वयाच्या पस्तिशीत कळलं. त्या आम्हाला नेतच नव्हत्या. एकट्या बाईला तलावावर जाऊन बसता येत नव्हतं, सात पोरं घेऊन येत होतं. आम्ही त्यांचं निमित्त होतो. आणि ते मी मोठ्या आजीसमोर, भर व्हरांड्यात, मोडून टाकलं होतं. डॉक्टरबाईंकडे मी त्या दिवशी जितकी रडले तितकी स्वतःसाठी कधी रडले नव्हते.

गेल्या वर्षी नोकरी घरून करता येईल असं ठरवून मी रायपूरला परत आले. पहिल्याच दिवशी काकूंकडे गेले. काका ऐंशीला टेकलेत. दार त्यांनीच उघडलं, चहाही त्यांनीच केला. काकू आतल्या खोलीत, धूळ येते म्हणून खिडक्या बंद. काका मला हळूच म्हणाले, "आता तिले कोणी अडवत नाही. मीच म्हणतो, जा, फिरून ये. जातच नाही." त्यांना खरंच कळत नव्हतं, आणि इतकी वर्षं मला तरी कुठे कळलं होतं.

काकूंनी मला ओळखलं. हात इतका हलका झाला होता की धरायची भीती वाटली. मी म्हटलं, काकू, तलावावर जाऊ. आता रेलिंग लावलंय, बाकं आहेत. "कशाले?" त्यांनी विचारलं. नुसतं बसायला, मी म्हटलं. "उगाच कोणी बसते का बाहेर? लोक काय म्हणतीन?" मोठी आजी जाऊन दहा वर्षं झाली होती आणि तिचं बोलणं त्यांच्या तोंडी येऊन बसलं होतं. मी म्हटलं, मी मागे लागले म्हणून सांगा. तेव्हा मात्र त्यांना हसू आलं. "तू पोट्टी राहिली का आता?"

मग मी माफी मागितली. त्या दिवसाची, त्या वाक्याची. मला वाटलं त्यांना आठवणारही नाही. त्यांनी बराच वेळ चादरीची घडी बोटांनी दाबली. "तू खरं बोलली होती," त्या म्हणाल्या. "मीच कधी म्हटलं नाही, का मले जायचं हाये म्हणून. पोट्ट्यांचं नाव घेत राहिली. तू म्हटलं तेव्हा मनात आलं होतं, आज म्हणून टाकावं. तोंडातच नाही आलं."

मी रोज सकाळी जाऊ लागले. कधी खिडकी उघडायचे, कधी बबलूला सोबत न्यायचे. त्याचं गोल बाजारात भांड्यांचं दुकान आहे, आणि तो अजून दुकान उघडण्याआधी तलावावर जाऊन बसतो. "नहीं गया ना काकी, तो दिन भर दिमाग खराब रहता है," असं त्यानं त्यांना सांगितलं. काकूंना ते फार आवडलं. दोनदा त्यांनी त्याच्याकडून वदवून घेतलं. मला आशा वाटायला लागली. दिवाळीनंतर एका सकाळी मी गेले तर काकू चपला घालून व्हरांड्यात उभ्या होत्या. वेणी घातलेली, धुतलेलं लुगडं. मी फाटक उघडलं. त्या दोन पायऱ्या उतरल्या आणि थांबल्या.

"कोणी विचारलं तं काय सांगशील?"

सांगीन, काकूंना यायचं होतं, मी म्हटलं.

त्यांनी तो विचार मनातल्या मनात करून पाहिला, हे मला दिसलं. ओठ हललेही. मग त्यांनी कठड्याला धरलं, वळल्या आणि चपला काढल्या. "असं नको सांगू बापा. उद्या जाऊ." मी तेव्हा बबलूचं, काकांचं, कुत्र्यामांजराचं, कुणाचंही नाव घ्यायला हवं होतं. मला त्यांच्याकडून खरं बोलवून घ्यायचं होतं. नववीतही खरंच बोलले होते मी. माझ्या खरेपणानं त्यांना दोनदा दाराच्या आत लोटलं, आणि हे मला कुठल्याही गोळीनं विसरता येणार नाही.

तो उद्या आला नाही. थंडी वाढली, छातीत कफ झाला, दवाखान्यात नेलं. चौथ्या दिवशी काकू गेल्या.

दहाव्याचा विधी तलावाच्या घाटावर होता. काकांना बबलूनं धरून पायऱ्या उतरवल्या. सगळं आटोपलं, भटजींनी पिशवी भरली, माणसं पांगायला लागली. काकांनी मला विचारलं, ती कुठे बसायची. मी खालची पायरी दाखवली. ते तिथे गेले, धोतर सावरून बसले आणि त्यांनी पाय पाण्यात सोडले.

"मले काहून नाही सांगतलं तिनं?" ते म्हणाले. "मी नाही म्हटलं असतं का?"

कदाचित ते नाही म्हणाले नसते. बबलूनं गाडी आणली, पण काकांनी हातानंच त्याला थांबायला सांगितलं. ऊन डोक्यावर येईपर्यंत ते तिथे बसून होते. घाटावर कपडे धुणाऱ्या बाया होत्या, आंघोळीला आलेली माणसं होती, रेलिंगपाशी फिरायला आलेले लोक होते. काकांना कुणीही विचारलं नाही, इथे कशाला बसलात म्हणून.