खूण म्हणून दिलेलं घड्याळ

ही घटना मला आठवायची नसते, तरी आठवते. नव्वदच्या दशकात नवी मुंबईच्या उरणकडच्या पट्ट्यात एका ठाण्यात मी फौजदार होतो. बढतीचे कागद वर गेलेले, त्यामुळे अंगात जरा जास्तच जोर होता.

रविवारी दुपारी वाशीच्या एका सोसायटीतली माणसं मिसिंग नोंदवायला आली. बारा जणांचा ग्रुप डोंगरात फिरायला गेला होता. आधी दाट झाडी, मग वरचा उघडा गवताळ माळ, माळावरचं फिरंग्यांच्या काळातलं बिनछपराचं चर्च, आणि पलीकडच्या जंगलातून खाली रस्ता, अशी त्यांची वाट. रस्त्याला लागले तेव्हा अकराच जण होते. सत्तरीतले एक निवृत्त मास्तर गायब.

"चर्चपाशी बारा होते, साहेब. हंड्रेड परसेंट. मी स्वतः मोजले," ग्रुपचा म्होरक्या म्हणाला. कुठल्याशा कंपनीत मॅनेजर होता, इस्त्रीचे कपडे, बोलणं ठाम. म्हणजे मास्तर चर्चच्या पुढे, खालच्या जंगलात चुकले. मी दोन शिपाई तिकडे पाठवले.

तेवढ्यात नाक्यावरच्या टपरीवाल्याचा फोन आला. "साहेब, वरच्या वाडीतला मोळीवाला आलाय. मुठीत भारीतलं घड्याळ हाय त्याच्या." तो पुढे आणखी काही सांगत होता, पण मी फोन ठेवला आणि बीट हवालदाराला पाठवलं. पावणेचारला माणूस ठाण्यात हजर. तशी स्टेशन डायरीत नोंद आहे, माझ्याच अक्षरात.

मॅनेजरने घड्याळ लगेच ओळखलं. झालं, माझ्या डोक्यात केस तिथेच सुटली.

मोळीवाला तिशीचा, काटक, पायांवर काट्यांचे ओरखडे. मी काही विचारायच्या आतच म्हणाला, "चला साहेब, लवकर चला. बाबा चर्चाच्या पायरीवरनं पडलाय. पाय मोडलाय. माजी बायको बसलीय त्याच्यापाशी."

"आणि घड्याळ?"

"त्यानंच दिलं. खूण म्हनून. नुस्ता आलो असतो तर तुमी मानलं असतं?"

मी त्याच्या थोबाडीत मारली. होय, मारली. लिहायला बसलोय तर तेही लिहितो.

"मग त्याला उचलून का नाही आणलंस?"

"एकल्यानं कसा आनू? झोळीला चार मानसं लागतात. वाडीतली समदी मोळ्या घेऊन बाजाराला गेलेली."

बीट हवालदार याच पट्ट्यातला. तो दबक्या आवाजात म्हणाला, "साहेब, यांच्यात रीत हाय तशी. कुनाचा निरोप न्यायचा तर त्या मानसाची वस्तू संगं न्यायची. एकदा वर बघून येऊ का?"

"चौकशी तुम्ही करताय की मी?" मी खेकसलो.

खरं सांगायचं तर ती रीत मलाही माहीत होती. कुणी मेल्याची वर्दी आली की टॉवेल यायचा, काठी यायची, एकदा तर एका बाईची बांगडी आली होती. पण तेव्हा सोन्याच्या पट्ट्याचं घड्याळ कुणी आणलं नव्हतं. आणि एका बाजूला मॅनेजर, दुसऱ्या बाजूला मोळीवाला. कुणाचं खरं मानायचं, याचा मी विचारसुद्धा केला नाही. त्याला लॉकअपमध्ये टाकलं. आमचे शिपाई अंधार पडेपर्यंत खालचं जंगल पालथं घालून हात हलवत परत आले. तेव्हाही मला वाटलं, याने प्रेत लपवलंय, उद्या बोलेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी ठाण्याच्या दारात एक बाई येऊन उभी राहिली. पदराच्या गाठीतून तिने एक चष्मा काढला आणि पुढे होऊन, हात लांबवून टेबलावर ठेवला.

"माजा घरवाला तुमाला आनायला आला हुता. आलाच नाय परत," ती म्हणाली. "बाबा रातभर वाट बघत हुता. आता बोलत नाय."

लॉकअपमधून तिच्या नवऱ्याने तिचा आवाज ओळखला. तो गजांपाशी येऊन उभा राहिला. त्याला बाहेर काढताना मी त्याच्याकडे बघू शकलो नाही.

आम्ही वर पोचलो. मास्तर पायरीशी आडवे होते. डोक्याखाली त्या बाईचं घडी केलेलं लुगडं, मोडलेल्या पायाला बांबूच्या कामट्या नीट बांधलेल्या, शेजारी पानाच्या द्रोणात पाणी. पहाटे कधीतरी गेले, असं डॉक्टर म्हणाले. वेळेवर आणलं असतं तर वाचले असते, हेही म्हणाले. पंचनाम्यात तसला रकाना नसतो.

दुसऱ्या जबाबात मॅनेजर रडला. "मोजलं नव्हतं, साहेब. फोटो काढला आणि निघालो. जेवणाला उशीर होत होता." त्याला लाज वाटली तरी असेल. मी मात्र अहवाल असा लिहिला की माझ्याकडे कुणाला बोटही दाखवता येऊ नये. महिनाभरात बढती आली.

प्रेत खाली आणलं त्याच दिवशी मास्तरांची मुलगी पुण्याहून आली होती. एकुलती एक. तिने एकच प्रश्न विचारला, "तो माणूस तुमच्याकडे कधी आला?"

"आज सकाळी," मी म्हणालो.

तिने मला हात जोडले. पुढे मुद्देमाल सुटल्यावर घड्याळ माझ्याकडे देऊन म्हणाली, "हे त्या दादांना द्या. त्यांनी माझ्या बाबांना एकटं सोडलं नाही."

मी वाडीवर गेलो. तो मोळी बांधत होता. घड्याळाला त्याने हातही लावला नाही.

"नको साहेब. हातात दिसलं तर पुन्ना धरून न्याल."

"पुन्हा असं कुणी पडलेलं दिसलं, तर येशील ना सांगायला?"

त्याने गाठ आवळली, मोळी डोक्यावर चढवली. "नाय येनार," म्हणाला आणि वाटेला लागला.

नोकरीत मी पुष्कळ गुन्हे उघड केले, त्याचे कागद आहेत, पदकही आहे. या प्रकरणाने मला एवढंच कळलं, की डोंगर उतरून धावत आपल्याकडे येणारा माणूस आपण एका थोबाडीत कायमचा घालवू शकतो. घड्याळ अजून माझ्या कपाटात आहे. मुलीला परत करायचं, तर त्याने ते का घेतलं नाही हे सांगावं लागेल.