गव्हाणीतला चोथा

म्हशीच्या गव्हाणीत ओला चोथा दिसला की ती घटना आजही आठवते. तेव्हा माझी नेमणूक मिरजगावच्या बाजूला होती.

महामार्गालगतच्या एका गावातला टेम्पोचालक विषारी दारू पिऊन नगरच्या दवाखान्यात पडला होता. जीव वाचला, पण नजर गेली. गावात त्याला तात्या म्हणत. दारू कुठून आणली, एवढंच आम्हाला हवं होतं आणि तात्या तोंड उघडेना. 'आठवत न्हाई साहेब,' यापलीकडे एक शब्द नाही. विसरलेला माणूस आणि विसरल्याचं सांगणारा माणूस, यातला फरक पोलिसाला लवकर कळतो.

खबर आली ती दूध गोळा करणाऱ्याकडून. तात्याच्या शेजारी राहणाऱ्या अण्णाच्या म्हशी उकडलेल्या जवाचा चोथा खातात आणि त्याला आंबूस वास येतो, असं तो म्हणाला. हातभट्टी म्हटली की गूळ आणि नवसागर; धान्याचा चोथा मी कधी पाहिला नव्हता. पंच घेऊन छापा घातला. गोठ्यामागे गोणपाटावर मोड आलेले जव वाळत होते, तांब्याचं मोठं भांडं होतं आणि कडब्याखाली दोन लाकडी पिंपं. पंचनामा केला, नमुने घेतले आणि अण्णाला ठाण्यात आणलं.

जव म्हशींसाठी, भांडं आंघोळीच्या पाण्यासाठी, पिंपं वाडवडिलांची, असं त्याचं चाललं होतं. हवालदाराला हसू आवरेना. मी चहा मागवला. आवाज चढवून फारसं काही हाती लागत नाही, हा माझा अनुभव. तात्याची नजर परत येणार नाही आणि त्यानं अजून कुणाचं नाव घेतलेलं नाही, एवढंच मी अण्णाला सांगितलं.

त्यानं कप खाली ठेवला. "माझं बी न्हाई?"

"नाही."

"म्हंजी त्याला वाटतंय, माझ्याच मालानं झालं. म्हणून गप हाय तो." त्यानं टेबलावरचा कागद माझ्याकडे सरकवला. "लिवा साहेब. दारू मी गाळतो. पर त्याचे डोळे मी न्हाई घालवले. मला काय बी कलम लावा, त्याला एवढं कळू द्या."

अण्णानं उमेदीची वर्षं परराज्यातल्या व्हिस्कीच्या कारखान्यात काढली होती. जव भिजवायचे, मोड आले की वाळवायचे, भरडून गरम पाण्यात त्यांचा गोडवा उतरवायचा, तो आंबवून तांब्याच्या भांड्यातून दोनदा गाळायचा आणि मग लाकडात ठेवून वाट पाहायची. रंग लाकडाचाच, वरून काही घालायचं नाही. अगदी आधी पडणारी धार घातक असते म्हणून तो ती ओतून द्यायचा. हे ऐकून हवालदार हळहळला. आमच्याकडे लोक 'पहिल्या धारेची' म्हणून मागून घेतात.

पिंपातला एक नमुना घेऊन मी तात्याकडे गेलो. त्यानं हुंगलं, पुन्हा हुंगलं. "ही अण्णाची. लाकडाचा वास हाय हिला. ढाब्यावरच्या बाटलीला न्हवता." मग आपण काय बोललो ते लक्षात येऊन तो लहान मुलासारखा रडला. आपल्याला मित्रानं आंधळं केलं नाही, हे त्याला तेव्हा कळलं. ढाबेवाल्यानं ती बाटली 'तुमच्या अण्णाचीच' म्हणून दिली होती. त्याच्या ढाब्यामागे कारखान्यात वापरायच्या स्पिरिटचा ड्रम सापडला. त्यातच जळक्या साखरेचा रंग घालून तो विकत होता.

ढाबेवाला आत गेला. अण्णावरही दारूबंदी कायद्याखाली दोषारोपपत्र दाखल केलं. कायद्याला चव कळत नाही आणि कळूही नये.

गप्प बसणारा काहीतरी लपवतोय, असं आम्ही धरूनच चालतो. तो कुणासाठी लपवतोय, हे विचारायला मी या प्रकरणात शिकलो.

जामिनावर सुटलेल्या अण्णाच्या खटल्यात तात्याला साक्षीला बोलावलं होतं. दिसत नाही तर आलात कुणाबरोबर, असं कोर्टाच्या शिपायानं दारात विचारलं. तात्या शेजाऱ्याचा दंड घट्ट धरून उभा होता.

"ह्या आरोपीसंगं," तो म्हणाला.