सेलिनबाईंची बंद पडणारी गाडी

शाळेच्या फाटकातून सेलिनबाई मोटारसायकलवर आत यायच्या, तेव्हा त्यांच्या साडीखाली नवऱ्याची पँट असायची. गाडी चाफ्याखाली लावायची, शिक्षकखोलीत दाराआड जाऊन पँट उतरवायची, नीट घडी घालून कपाटात ठेवायची आणि हात धुवायचे, असा त्यांचा रोजचा क्रम. हात कितीही धुतले तरी पेट्रोलचा वास जात नसे. मी नवीन होते, लग्न होऊन साताऱ्याहून माणिकपूरला आलेली. पहिल्याच दिवशी मी टक लावून बघत राहिले, तर त्या म्हणाल्या, "बघून घ्या बाई एकदाच. उद्यापासून वर्गाकडे बघा."

ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. तेव्हा आमच्याकडे एखादी बाई लुना चालवताना दिसली तरी लोक वळून बघायचे. सेलिनबाईंना हौस म्हणून गाडी चालवायची नव्हती. त्यांचे यजमान इनास एका कारखान्यात फिटर होते. एका पावसाळ्यात त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणंही गेलं. कसेबसे दोन-चार शब्द तेवढे फुटायचे. घर राजोडीच्या अलीकडच्या एका आळीत. सकाळच्या शाळेच्या वेळात शेजारची रोझामावशी त्यांच्यापाशी बसायची, पण एक वाजता तिला लेकीच्या घरी नातवंडांकडे जावं लागे. त्यानंतर ते एकटे. दुपारच्या एसटीचा काही भरवसा नव्हता. म्हणून नाताळच्या सुट्टीत बाईंनी भावाला बोलावलं आणि राजोडीच्या वाळूत गाडी शिकून घेतली. इनास धडधाकट होते तेव्हा त्या गाडीला बोट लावायची बाईंना परवानगी नव्हती. मागे एका बाजूला पाय सोडून बसायचं आणि देवळात, म्हणजे चर्चला, जाऊन यायचं, एवढाच त्यांचा गाडीशी संबंध. इनास हातही उचलायचे का? मी कधी विचारलं नाही. एकदा त्या एवढंच बोलल्या होत्या, "आमच्या घरात एकाच माणसाचा आवाज असायचा. आता त्याचाही नाही."

तर ती गाडी रोज बंद पडायची. शाळेतून निघाली की सोपाऱ्यापर्यंत झकास जायची. पुढे नारळीच्या वाड्या लागल्या की अडखळायला लागायची, सायलेन्सरमधून फट फट असे बार निघायचे आणि गचका खाऊन ती मरायची. बाजूच्या वाडीतले लोक म्हणायचे, "आली वाटतं मास्तरीण." बाई उतरायच्या, पदर खोचायच्या, पेट्रोलचा कॉक बघायच्या, टाकी उघडून आत डोकावायच्या, प्लग काढून साडीच्या टोकाला पुसायच्या. कधी लगेच चालू व्हायची, कधी किका मारून मारून पोटरी भरून यायची. तेवढ्यात एक वाजून जायचा. घरी पोचल्यावर काय वाढून ठेवलेलं असेल ते त्यांना ठाऊक असायचं. ओली चादर, ओला माणूस, आणि भिंतीकडे फिरवलेलं तोंड.

मेकॅनिक झाले किती तरी. एकाने कार्बोरेटर उघडून धुतला, दुसऱ्याने जेट बदलला, तिसऱ्याने हवेचा स्क्रू फिरवून फिरवून गाडी अशी घुमवली की बाईंना वाटलं, झालं काम. पण गॅरेजमध्ये उभी असताना तिला काहीच व्हायचं नाही. "दुकानात शहाण्यासारखी वागते, रस्त्यावर माझा सूड घेते," बाई म्हणायच्या. एक मेकॅनिक तर तोंडावर म्हणाला, "बाईमाणसाचा हात लागला की असंच होतं." बाईंनी शांतपणे गाडी ढकलत बाहेर काढली. दुसऱ्या दिवशी शिक्षकखोलीत मात्र त्या डबा उघडता उघडता थांबल्या. "कंटाळा आलाय हो," त्या म्हणाल्या. "सकाळी निघताना घरची धास्ती, घरी जाताना गाडीची. दोन्हीच्या मधे जो फळा आहे, तेवढाच माझा."

त्यांच्या आळीतल्या क्रूसाचा सण होता, तेव्हा त्यांनी मला जेवायला बोलावलं. शाळा सुटल्यावर मी त्यांच्या मागे बसून निघाले. नेहमीच्या ठिकाणी गाडीने बार काढले आणि ती मेली. बाईंचा संताप अनावर झाला. त्या दिवशी त्यांनी कशालाच हात लावला नाही, नुसत्या किका मारत राहिल्या. गाडी हूं की चूं करेना. घामाघूम होऊन थांबल्या आणि म्हणाल्या, "पेट्रोल तरी आहे का बघते." टाकीचं झाकण फिरवलं, तसा आत हवा ओढली गेल्याचा सुस्स आवाज आला. मलाही ऐकू आला. बाई झाकण हातात धरून तशाच उभ्या राहिल्या. मग पुढची किक मारली आणि गाडी पहिल्या फटक्यात चालू.

"बाई," त्या हळूच म्हणाल्या, "ज्या ज्या दिवशी लगेच चालू झाली, त्या त्या दिवशी मी आधी टाकी उघडली होती."

गाडी बंद करून त्यांनी झाकण उन्हात धरलं. त्याला मधोमध एक बारीक छिद्र असतं. पेट्रोल खाली उतरेल तशी टाकीत हवा जायला वाट लागते, नाहीतर पेट्रोल उतरत नाही आणि कार्बोरेटर उपाशी पडतो. हे त्यांनी मला नंतर समजावलं. तेव्हा त्यांनी फक्त केसातली पिन काढली आणि छिद्र कोरलं. आतून पांढरट पिवळा गोळा निघाला. त्यांनी तो नाकाशी नेला.

"साबण," त्या म्हणाल्या. "ह्यांचा अंगाचा साबण."

त्यांना आठवलं. पावसाळ्यात इनास कंपनीच्या बसने जायचे, गाडी अंगणात उभी असायची. टाकीत पाणी जाऊ नये म्हणून ते दर वर्षी झाकणाचं छिद्र साबणाने बुजवायचे आणि पाऊस सरला की साफ करायचे. त्या वर्षी साफ करायच्या आधीच ते पडले.

घरी पोचल्यावर बाईंनी पँटही उतरवली नाही. सरळ खाटेपाशी गेल्या आणि तळहातावरचा तो गोळा नवऱ्यापुढे धरला. मी दारातच थांबले.

"हे तुम्ही लावलेलं?"

इनास आढ्याकडे बघू लागले.

"ठाऊक होतं तुम्हाला? गाडी कशाने बंद पडते ते?"

त्यांनी डोळे मिटले. बाईंचा आवाज चढला नाही, त्यामुळे मला जास्त भीती वाटली. "मी रोज रात्री ह्या खाटेवर बसून विचारत होते. जेट का, प्लग का, म्हणून एकेक नाव घेत होते आणि तुम्ही मान हलवत होतात. मला उशीर झाला की ओल्यात कोण पडून राहायचं? तुम्हीच ना?"

मग त्या अर्ध्या तोंडातून शब्द आले, "गेली... असतीस."

"कुठे?" बाई म्हणाल्या.

बाईंनी चादर बदलली, त्यांना पुसलं, कूस बदलून दिली आणि मला ताट वाढलं.

त्यानंतर गाडी एकदाही बंद पडली नाही. मला वाटलं, बाई आता मोकळ्या होतील. झालं उलटंच. त्या वर्गात चिडायला लागल्या, डबा तसाच परत न्यायला लागल्या. एकदा म्हणाल्या, "आधी गाडीला शिव्या देता यायच्या. आता कोणाला देऊ?"

मग एके दिवशी त्या घरी वळल्याच नाहीत. मला दुसऱ्या दिवशी त्यांनीच सांगितलं. "वळण आलं, बाई, आणि हात वळेचना. गाडी इतकी छान चालली होती. तशीच सरळ अर्नाळ्याला गेले." किनाऱ्यावर होड्यांच्या सावलीत बसून राहिल्या. बोंबील वाळत घालणाऱ्या एका कोळणीने विचारलं, "कोनाकडं आलीस गो बाय?" बाईंनी नुसता समुद्राकडे हात केला. "बस मंग," ती म्हणाली, "पानी पी." बाई पाणी प्यायल्या आणि ऊन उतरेपर्यंत बसल्या. "वाटलं होतं हलकं वाटेल. सारखा डोळ्यांपुढे तो माणूस. पण उठवतही नव्हतं."

घरी आल्या तेव्हा इनास रडत होते. लहान मुलासारखे, आवाज न करता. "आलीस," एवढंच म्हणाले. बाईंनी सगळं आवरलं, पेज भरवली. तेव्हा त्यांनी विचारलं, "कुठे?"

"अर्नाळ्याला."

ते घास तोंडात धरून पडून राहिले. मग म्हणाले, "परत?"

"परत जाणार का असं विचारत होते, की परत का आलीस असं, ते मला कळलं नाही," सेलिनबाई म्हणाल्या. "मी म्हटलं, शनिवारी."

आणि खरंच, रोझामावशीला शनिवारपुरतं थांबायला सांगून त्या दर शनिवारी अर्नाळ्याला जायला लागल्या. तासभर बसायचं आणि यायचं. सुरुवातीला इनास तोंड फिरवायचे. पुढे पुढे मात्र शुक्रवारी रात्री दिवा मालवताना तेच आठवण करायचे, "उद्या... शनिवार." बाई आल्या की विचारायचे, "होड्या?" आणि बाई त्यांना सांगायच्या, किती होड्या बाहेर होत्या, कोणती रंगवायला काढलीय, समुद्र कसा होता. लग्नाला इतकी वर्षं होऊन त्या दोघांमधलं पहिलं बोलणं हेच असावं, असं मला वाटतं.

काही वर्षांनी एका पहाटे झोपेतच इनास गेले. मातीला मी गेले होते. बाई रडल्या नाहीत. लोकांना पाणी देत, खुर्च्या लावत हिंडत होत्या. महिन्याभराने एका शनिवारी शाळा सुटली तेव्हा त्या शिक्षकखोलीत नुसत्याच बसलेल्या दिसल्या. मी म्हटलं, "चला ना सेलिनबाई, आज मीही येते अर्नाळ्याला."

"गेले होते मागच्या शनिवारी," त्या म्हणाल्या. "चांगली बसले. पण घरी कोणी वाट बघत नसलं ना बाई, की उठायचं कधी तेच कळत नाही. काळोख पडला, बायका मासळी आवरून घरी गेल्या, तरी मी तिथेच."