इंजिनावरचा शेंदूर

त्या वर्षी माझी श्रद्धा पार आटली होती. खरं सांगायचं तर मारुतीवर माझा रागच होता. यांना जाऊन वर्षही झालं नव्हतं. दुष्काळ असा की नळाला आठवडा आठवडा पाणी नाही, तरी शहरात नव्या इमारती मात्र उठतच होत्या. त्यात दारात यांची लाडकी जुनी मोटार. तापमानाचा काटा कायम गार दाखवायचा, म्हणून पंखा सुरू व्हायचा नाही आणि इंजिन उकळायचं. दिरांनी बजावलं होतं, "वहिनी, पुन्हा एकदा जरी वाफ आली, तर सोमवारी भंगारवाल्याला देऊन टाकू."

तापमानाचा नवा सेन्सर आणला, तर जुना सापडेना! मिस्त्री रहीमभाईंनी सगळं इंजिन धुंडाळलं आणि शेवटी शेंदराच्या एका ढेपेकडे बोट दाखवलं. दर खंडेनवमीला हे तिथं तेल-शेंदूर लावायचे. म्हणायचे, हा आपल्या गाडीचा मारुती. थरावर थर चढून खाली काय आहे ते कुणाला ठाऊकच राहिलं नव्हतं. "भाभी, येच जगा बाकी है. पन भगवान का है, मैं नै खरोचता," असं म्हणून रहीमभाई हात पुसत निघून गेले. मी तरी काय करणार? वरच्या थरावर यांच्या बोटाचा ठसा होता. त्याला नख लावायला माझा जीव धजेना. एवढा शहाणा माणूस, पण शेंदूर थापायला हीच जागा सापडावी? मी दिवसभर भांडी आपटत राहिले.

शनिवारी रागारागातच गाडी काढली. खुलताबादच्या निजलेल्या मारुतीला जाबच विचारायचा होता. दौलताबादच्या पुढं चढाला भस्सकन वाफ आली आणि मी रस्त्याच्या कडेला रडकुंडीला येऊन उभी राहिले.

मागून पाण्याचा टँकर आला. ड्रायव्हर उतरून ओरडलाच, "मावशी, झाकणाला हात लावू नगा! लई तापलंय." ते पाणी कुठल्याशा गावाचं होतं, म्हणून मला मागायचीही लाज वाटली. तो म्हणाला, "दोन बादल्यांनं गाव तहानलेलं राहत नाय." इंजिन निवेपर्यंत तो तिथंच थांबला. मग आम्ही वाकून पाहिलं, तर वाफेनं भिजून शेंदराची ती ढेप अख्खीच्या अख्खी सुटून खाली पडली होती. तिच्या जागी पितळी सेन्सर आणि त्याची कुजलेली तार.

"देवानं खोळ टाकली, मावशी!" मूर्तीवरचं शेंदराचं कवच आपणहून गळून पडतं, तसंच हे, असं त्याचं म्हणणं. त्यानं हात जोडले आणि पाना आणला. गाडीतच पडून असलेला नवा सेन्सर बसवला, तार सोलून जोडली, पाणी भरलं. गाडी सुरू केली तसा काटा हळूहळू चढला, पंखा फिरू लागला आणि काटा मधोमध थांबला. मला रडू आवरेना.

शेंदराची ती ढेप पदरात बांधून मी देवळात नेली. जाब विचारायचं राहूनच गेलं. जे माझ्या हातून सुटणार नव्हतं, ते त्यानं कुठंही न दुखवता सोडवलं होतं. माझं काम फक्त हात जोडण्याचं होतं आणि तेवढंच मी टाळत आले होते.

बाहेर येऊन दिरांना फोन लावला. "भावोजी, वाफ आली. लई आली. पण भंगारवाल्याला सांगा, येऊ नको म्हणावं."